दाराच्या मुठीला टांगलेला ससा

हॅलो?

…एव्हरिल? अगं कुठे होतीस? तीन वेळा केला फोन. … हो, मीच. नॉर्मा. … नाही, नाही, क्लिफ ठीक आहे. तुझा भाऊ ठीक आहे, बस तू खाली. हॉस्पिटलातून काही आलेलं नाही. … अगं ऐक ना. टिलीचं झालंय.

…टिली गं. फेरेटचं पिल्लू. क्लिफनं जाकिटाच्या खिशात घालून वाढवलेलं. … हो, तीच. तिचे मागचे पाय गेले.

…गेले म्हणजे गेले. उठतच नाही. पुढच्या दोन पायांवर अंग ओढत सरपटते, आणि हातभर गेली की धापा टाकते. आत्ता शेगडीपाशी ठेवलीय, कपड्यांच्या टोपलीत. मुंगसासारखी बिळात घुसून सशाला बाहेर हाकलणारी ही जात, आणि हिला टोपलीच्या काठावरून डोकं वर काढता येईना.

…कालपासून. म्हणजे… नाही, खरं सांगते, सोमवारपासूनच जरा डुगडुगत होती. मला वाटलं गारठली असेल. ऑक्टोबर लागला ना…

…नाही, पडली नाही. दारातही चिमटली नाही. … मेजर? छे गं, मेजर काय चावणार तिला. म्हातारा फेरेट तो, दिवसभर पिंजऱ्यातल्या गवतात घोरत असतो. त्याला काही झालेलं नाही.

…केला ना. जनावरांच्या डॉक्टरांकडे सकाळीच केला फोन. उद्या नऊची वेळ दिलीय, आज जागा नाही म्हणाली ती मुलगी. ऊबेत ठेवा, फार हाताळू नका, उड्या मारू देऊ नका. उड्या म्हणे.

…अगं पण उद्याच दोन वाजता आहे ना ते. … विसरलीस? उद्या शुक्रवार. टिलीला हॉस्पिटलच्या बागेत न्यायचंय. मोठ्या नर्सनं कुणाकुणाला भेटून परवानगी आणलीय. चाकाच्या खुर्चीत बसवून बाहेर आणणार त्याला. … हो. हो, तेच.

त्याला झटका येऊन आठ आठवडे झाले, एव्हरिल. आठ आठवडे रोज दोन बसा बदलून जाते मी. त्याच्या तोंडाशी चमचा धरते, हनुवटी पुसते, गावातलं सगळं सांगते, नुसती बडबडते. आणि गेल्या मंगळवारी पहिला शब्द फुटला. कुठला? टिली. नॉर्मा नाही. टिली.

…नाही, रडत नाहीये. … आला ना राग. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? परतताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले सगळा वेळ. पण फुटला तर खरा शब्द. नर्स म्हणाली, एक आला की त्याला धरून दुसरे येतात. म्हणून तर हा सगळा खटाटोप. आणि आता काय नेऊ त्याच्यासमोर? टॉवेलात गुंडाळलेला लोळागोळा?

रोज विचारतो गं तो. म्हणजे नुसतं टिली म्हणतो आणि माझ्याकडे बघत राहतो. मी सांगते, मजेत आहे, खाते, हुंदडते. कालसुद्धा तेच सांगितलं. काल हिला उभं राहता येत नव्हतं.

…खाते काय? अगं खाण्याचं सोड, मी पायांचं विचारतेय. … बरं. बरं, सांगते. खाण्यात काही कमी नाही केलेलं मी. माझ्या वडिलांसारखं दूध-पाव नाही हं घालत. त्यांची फेरेटं जन्मभर दुधात भिजवलेल्या पावावर… हो, खाणीतले सगळेच तसं करायचे. क्लिफ किती भांडायचा त्यांच्याशी त्यावरून. फेरेटला मांसच पाहिजे आणि कच्चंच पाहिजे, हे माझं पाठ आहे. म्हणून खिमा आणते. बीफचा, खाटकाकडून, समोर उभं राहून करून घेते. लालबुंद. चरबीचा ठिपका दिसायचा नाही. स्वतःसाठी कधी आणला नाही असला.

…हो, नुसता खिमा. … दिवसातून चार वेळा. त्यांच्या पोटात काही टिकत नाही, माहीत आहे मला.

…हाडं? छे. हाडं कशी घालीन? घशात अडकलं म्हणजे? नवरा तिकडे पडलेला आणि त्याचं जनावर माझ्या हातून गुदमरून मेलं, म्हणजे मग मी…

…एव्हरिल?

…एव्हरिल, हाडांचं का विचारतेस तू?

…

…सगळे आठ आठवडे, हो. … चार महिन्यांची होईल आता. क्लिफ पडला तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती. … वाढीचं वय, हो. … म्हणजे नुसत्या मांसात हाडांना लागणारा चुना, ते कॅल्शियम, नसतो? अजिबात? … आणि मग अंगाला लागतो तो कुठून घ्यायचा? … स्वतःच्याच हाडांतून.

…म्हणजे ती आठ आठवडे स्वतःची हाडं खातेय.

…आणि मेजर? तोही तेच खातो… अच्छा. त्याची हाडं आधीच झालेली. त्याला उशिरानं जाणवलं असतं.

…नको. नको समजूत काढूस माझी. मीच केलं ना हे? मीच. प्रत्येक घासाला ताटली पुसून दिली गं मी तिला. हातानं दिला घास. तो घरी असता तर दोन मिनिटांत सांगितलं असतं त्यानं. तो घरी असता तर खिमा उंबरठ्याच्या आत येऊ दिला नसता. … काय सांगू मी त्याला? बोलता येत नाही त्याला, कळतं मात्र सगळं. डोळ्यांनी बघेल फक्त. ते नाही सोसायचं मला.

…हो. हो, ऐकतेय. … हो, घेते श्वास.

…लिहून घेऊ? थांब. पेन्सिल… पेन्सिल कुठे गेली… हां, सांग. कॅलेंडरच्या मागं लिहिते.

दहा भाग धरायचे. … त्यातले आठ मांस. बरं. एक भाग हाड. … एक भाग आतलं. त्यात निम्मी कलेजी, आणि निम्मं बाकीचं, गुर्दा, प्लीहा… बरं. हृदय कुठे धरू? … मांसात? हृदय मांसात कसं? … स्नायूच तो, बरोबर. आणि ते भरपूर घालायचं. का? … नको, त्या सत्त्वाचं नाव नको सांगूस, भरपूर घालते.

…मग कलेजीच जास्त घातली तर? लवकर ताकद येईल… नाही? उलट बाधेल. बरं, बरं. कलेजी बेतानं. खोडते.

…कोंबडीचा पंख म्हणजे सगळा हाड नाही. निम्मा हाड, निम्मं मांस. म्हणजे एक भाग हाड पाहिजे तर दोन भाग पंख, आणि मग मांसातून एक भाग कमी… थांब गं, थांब. माझा काटा औंसात आहे. दहावा भाग औंसात कसा काढू? आणि ही आहे एवढीशी, हिच्या एका घासाचा दहावा भाग म्हणजे नखाएवढं. … आठवड्याचा हिशेब करायचा? रोजचं नाही जमलं तरी आठवड्यात बसलं पाहिजे. … नाही जमणार मला. एव्हरिल, खरंच सांगते, हे लिहिलेलं मलाच लागत नाहीये. मी खाणीच्या कॅन्टीनमध्ये तीनशे माणसांना जेवू घातलंय, आणि एका फेरेटपुढे हात टेकले.

…घरात? घरात काय असणार? फ्रीजरात मासे आहेत, मटार आहेत. … थांब, सुपाचं हाड आहे की. रविवारी उकळलेलं. छान मऊ झालंय, तेच ठेचून…

…नाही? … शिजलेलं अजिबात नाही. बरं, ओरडू नकोस. … शिजलं की कडकड मोडतं आणि टोकं निघतात. आतडं फाटेल. बरं. टाकते ते. आत्ता टाकते, फोन झाला की.

…खाटीक बंद झाला. गुरुवार ना आज, दुपारीच बंद करतो तो. पंख आणायचे तर बसनं जावं लागेल, आणि हिला एकटीला टाकून… कालपासून अंड्याच्या पिवळ्या बलकावर आहे नुसती. सकाळी तीन चाटे घेतले, बस. खिम्याला तोंडही लावेना आता. अंग थंड लागतंय गं.

…काय? … अख्खा ससा? … म्हणजे मोजमापच नको? मांस, हाड, कलेजी, हृदय सगळं एकाच कातड्यात, जिथल्या तिथं. … केसांसकट? … हो का. … अगं, ते सगळं खरं, पण या घडीला मी ससा आणू कुठून?

…कुठले ससे?

…डेनिसचे? क्लिफच्या दोस्तानं आणलेल्या सशांचं तुला काय माहीत?

…अगं ते… ते तर माझ्यासाठी आणतो तो.

…नाही, तूच ऐक. दर गुरुवारी मागच्या दाराच्या मुठीला एक ससा टांगलेला असतो. दार वाजवत नाही, काही नाही. आपल्याकडे आणतातच ना असं, घरचा माणूस आजारी पडला की. कुणी लीकच्या भाजीची जुडी ठेवतं, कुणी अंडी. डेनिसच्या कमरेचं ऑपरेशन झालं तेव्हा क्लिफनं नाही का त्यांच्या दाराला महिनाभर ससे लावले? त्यांनी खाल्लेच की ते. म्हणून मी… मी सोलायची, साफ करायची, हाडं काढायची आणि मांस भरून पाई करायची.

…हाडं? हाडं वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात. डोकं, कलेजी, सगळं. कालच गाडी घेऊन गेली.

…तू सांगितलं होतंस त्याला? कधी? … वॉर्डात. पहिल्या आठवड्यात. फेरेटांचं तू बघ म्हणालीस, आणि तो हो म्हणाला. आणि मला कुणी सांगितलं? … त्याला वाटलं मला ठाऊक असणार. तुला वाटलं तो सांगेल. आणि तो डेनिस, वर्षाकाठी चार वाक्यं बोलणारा माणूस.

…म्हणजे एव्हरिल, आठ आठवडे मी फेरेटांचं जेवण जेवतेय? आणि फेरेटांना माझं घातलंय?

…हसू नकोस. … हसू नकोस गं, मलाही येईल आणि मग आवरायचं नाही. … अगं, पुढचं ऐक. दर शुक्रवारी अर्धी पाई मी डेनिसच्या घरी पाठवायची. आभार म्हणून. त्यानं खाल्ली ती निमूट. त्याला वाटलं असेल, बाई मांस-मांस आपल्याला देतेय, हाडं-डोकी फेरेटांना घालत असेल…

…अरे देवा.

…नाही, नाही. अगं, मी त्याला नको म्हणून सांगितलंय.

…सोमवारी. पोस्टापाशी भेटला. मी म्हटलं, डेनिस, फार केलंस रे, पण आता ससा नको आणूस. एकटीला संपत नाही, कंटाळा आलाय सशाचा. नुसता आ वासून बघत राहिला माझ्याकडे. टोपीला हात लावला आणि गेला. मला वाटलं, दुखावला. दोन दिवस मनाला लागून राहिलं माझ्या.

…आज नाही आणणार. कसा आणेल? स्वतःच्या तोंडानं नको म्हणाले ना मी. साडेचार झाले. तो तीनलाच लावून जातो.

…फोन करू त्याला? आणि सांगू काय? की तुझे आठ ससे मी खाल्ले आणि पिल्लाचे पाय गेले? … हो. हो, करते. लाज गेली तर गेली. पण तो आत्ता जाळी लावायला जाणार, कधी ससा मिळणार, आणि ही… एव्हरिल, डोळे मिटतेय ती. टिली, ए टिली. बाळा. … हो, हात लावून बघितलं, श्वास चालू आहे.

…काय? … बघितलं नाही. दार उघडलंच नाही आज, हिच्यापासून उठलेच कुठे मी? … अगं, नसणारच, सांगते ना तुला. … बरं बाई, बघते. वायर पुरते तिथपर्यंत. धर.

…

…

एव्हरिल.

…आहे.

…अगं आहे. लावलाय. आणि सोबत चिठ्ठी आहे, क्लबातल्या लॉटरीच्या कागदामागं, पेन्सिलीनं. वाचते थांब, चष्मा… 'नॉर्मा. हा तू खाऊ नकोस. फेरेटांना घाल. डेनिस.' … आणि खाली बारीक लिहिलंय, 'पाई चांगली होती.'

…हसत नाहीये मी. काय होतंय मला माझं मलाच कळत नाही.

…जाळ्यातलाच असणार. डेनिसकडे बंदूक कुठली? … नाही, कुठे शिशाचा छर्रा-बिर्रा नाही. मानच मोडलेली दिसते. हो, ताजा आहे. अजून वाकतोय.

…बरगडी आधी? … ती बारीक असते, तिला चावता येईल. बरं. आणि कलेजीचा तुकडा हिरड्यांना चोळायचा. … कच्चा, हो, समजलं मला आता. थांब, फोन टेबलावर ठेवते. ऐकत राहा. जाऊ नकोस कुठे.

…

…झालं. आहेस ना? सुरी लागली जराशी बोटाला, काही नाही. … चोळली कलेजी. जीभ फिरवली तिनं एकदा. बरगडीचा तुकडा समोर ठेवलाय. … नाही. हुंगत नाही. तोंड फिरवलं.

…तिला वासच माहीत नाही? … लहानपणी जे खाल्लं तेच त्यांना खाणं वाटतं. आणि हिला मी खिमाच… बरं. बरं, खिमा माखते त्यावर. … माखला. … नाही गं. खिमा चाटतेय नुसता. बरगडी तशीच.

…एव्हरिल, नाही खाल्लं तर? रात्रभर अशीच राहिली तर उद्या सकाळी… मी त्या बागेत रिकाम्या हातानं जाऊन उभी राहू? त्याच्याकडे तो एकच शब्द आहे गं. एकच. तोही माझ्या हातून जाईल.

…कोण, मेजर? … त्याला आणू आत? हिच्या शेजारी? … त्याला बघून शिकेल? … बरं. अंगणातच आहे पिंजरा. दोन मिनिटं. ठेवू नकोस.

…

…आणला. म्हातारा जागाच होता, वास गेला होता त्याला आधीच, जाळी हलवत होता. अगं, किती ओढतोय बघ. … त्याला पायाचा तुकडा दिला. … अगं, झडपच घातली. केसांसकट. डोळे मिटून चावतोय. बिचारा. आठ आठवडे हेच शोधत असणार माझ्या खिम्यात.

…हो, बघतेय ती. डोकं वर केलं. … नाक हलतंय.

…सरपटतेय. नाही, मी हात लावत नाही. तू म्हणालीस ना, हात लावू नको. … त्याच्या तोंडातलं हुंगतेय. मेजर, देऊ नकोस रे मेल्या, तिला तिचं खाऊ दे. … वळली. बरगडीपाशी आली.

…थांब, बोलू नकोस.

…

…

कट.

…अगं, ऐकलंस? हाड कटकन मोडलं. … चावली. परत चावली. दोन्ही पायांत धरलीय आणि दाढेखाली… ऐक, ऐक, रिसीव्हर खाली धरते.

…

…आलं ऐकू? … हो ना? कुरकुर, कुरकुर.

…नाही, माहीत आहे मला, एका बरगडीनं पाय नाही यायचे. … आठवडे लागतील, हो. डॉक्टर म्हणतील तसं. हाडं धरेपर्यंत पिंजऱ्यात, उड्या नाहीत. सगळं करते. कॅलेंडर खाली काढून त्याच्यावरच लिहिते, दर गुरुवारी ससा, मध्ये पंख, हृदय, कलेजी बेतानं. … उद्या नेते की. उभी राहो न राहो, टॉवेलात घालून नेते. त्याचाही उजवा पाय कुठे उचलतोय अजून? आणि सांगते त्याला. सगळं सांगते, खिम्यापासून पाईपर्यंत. बघू दे मग डोळे वटारून.

…काय? नाही, अजून खातेय. … एव्हरिल, थांब. थांब, फोन ठेव तू.

…ठेव गं. मला वॉर्डात लावायचाय. ती मोठी नर्स पाचपर्यंत असते, तिला सांगते, फोन त्याच्या कानाशी धर. हा आवाज तो झोपेतसुद्धा ओळखेल. रोज खोटं सांगत आले त्याला, आज…

…नंतर बोलू. अगं नंतर, एव्हरिल. ठेव ना लवकर, बरगडी संपत आलीय तिची.